गालातलं टरफल

वास

वास आधी मला आला नाही, माझ्या सुनेला आला.

डिलेश्वरी छत्तीसगढी आहे. माझ्या मुलाने, नितीनने, तिला स्वतः पसंत केलं. भिलाईतच, सुपेल्यात, तिचं लहानसं ब्यूटी पार्लर आहे. दिवसभर परक्या बायकांच्या चेहऱ्यांशी तिचं काम, त्यामुळेच असेल, एका सकाळी मी पोळ्या लाटत असताना ती जवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, बुरा मत मानना. आपके मुँह से स्मेल आ रहा है. दाँत वाला नहीं, दूसरा."

मला वाईट वाटायचं ते वाटलंच. बरेच दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले.

माझा स्वभाव सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझं माहेर साकोलीकडचं, महानुभाव पंथाचं. मांस-मासळी तर दूरच, आमच्याकडे अंडंही कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. त्यात मी जन्माची किळसखोर. उष्टं पाणी, दुसऱ्याच्या ताटातला घास, कपाच्या काठाला लागलेलं बोट, कशानेही माझ्या पोटात ढवळतं. नितीनचे बाबा पोलादाच्या कारखान्यात, प्लेट मिलमध्ये नोकरीला, म्हणून सगळा संसार भिलाईच्या सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये झाला. शेजारी बंगाली, तेलुगू, ओडिया. कुणाकडे चहाला गेले तर मी कप आधी रुमालाने पुसून घेत असे, आणि ते लपवतही नसे. डिलेश्वरीला सुकवलेले झिंगे फार आवडतात. ती ते मागच्या अंगणात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात रांधायची आणि ते भांडं घरात आणायची नाही. हा नियम माझा होता. अशा बाईला सून सांगते की तुमच्या तोंडाला वास येतो.

वास खरा होता. डाव्या गालाच्या आत एक दाढ तुटलेली होती. तिचं टोक गालाला घासून घासून जखम झाली होती. मी तिला हळद-तूप लावत होते आणि ती बरी होतेय असं स्वतःला सांगत होते. शेवटी मोबाईलचा टॉर्च लावून आरशात नीट पाहिलं. पांढऱ्या काठाचं, दाणेदार, फुलकोबीच्या तुकड्यासारखं काहीतरी गालाला चिकटून वाढलं होतं. बोट लावलं तर रक्त आलं, आणि बोटाला तोच वास, मेलेल्या उंदराचा. मी आरशासमोरच ओकले. फुलकोबी त्यानंतर आमच्या घरात आलेली नाही.

सगळे असंच म्हणतात

दातांच्या डॉक्टरने तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो. त्याने कागद वाचला आणि कॅन्सर हा शब्द उच्चारायच्या आधी मला विचारलं, "गुडाखू घिसती थीं?"

इकडे पुष्कळ बायका गुडाखू घासतात. तंबाखू आणि गुळाचा काळा चिकट लगदा, दात घासायच्या निमित्ताने नशा. मी म्हटलं, नाही. तंबाखू? नाही. सुपारी, गुटखा? नाही.

"सब यही बोलते हैं, माताजी," तो म्हणाला आणि लिहायला लागला.

लोक म्हणतात त्या क्षणी पायाखालची जमीन सरकते. माझी नाही सरकली. मला घाण वाटली. ज्या वस्तूचा डबा मी चिमट्यानेही उचलला नसता, ती मी तोंडात घेत होते असं एक माणूस माझ्या तोंडावर म्हणत होता, आणि नितीनचे बाबा शेजारी बसून खाली बघत होते. भीती खूप उशिरा आली.

बाहेर येऊन त्यांनी स्कूटर काढली. आमच्या सेक्टरचं वळण आलं तसं गेलं. सरळ प्लांटच्या गेटापर्यंत आम्ही पोचलो. शिफ्ट सुटली होती, समोरून सायकली, स्कूटर येत होत्या, आणि त्या गर्दीत यांनी ब्रेक मारला.

"इकडं कावून आलो मी?" त्यांनी मला विचारलं.

"मले का माहीत?"

सवयीने स्कूटर तिथे गेली होती. कुणी ओळखीच्याने हात केला, यांनीही केला. मग गाडी वळवली आणि घर येईपर्यंत एक हात मागे करून माझा गुडघा धरून ठेवला. आमच्यात रस्त्यावर असं धरायची पद्धत नाही.

शेजारची खाट

पुढचं सगळं रायपूरच्या एका मोठ्या इस्पितळात झालं. गालाची गाठ काढायची, मानेतल्या गाठी काढायच्या, हाताची कातडी काढून गालाच्या आत लावायची आणि नंतर किरणांचा उपचार. हे ऐकायला जितका वेळ लागतो तितकाच वेळ त्यांना सांगायला लागला. डॉक्टरांना रोज सांगावं लागतं.

तोंडाच्या कॅन्सरचा वॉर्ड वरच्या मजल्यावर होता. जिन्याच्या प्रत्येक वळणावर भिंतीचा कोपरा लाल. वर ज्यांचा बाप अर्धा जबडा काढून पडला होता, तेच लोक खाली जिन्यात उभे राहून दातांनी गुटख्याची पुडी फाडत होते. सफाईवाली सकाळी घासून जायची, दुपारी कोपरा पुन्हा लाल. मी साडीचा घोळ मुठीत धरून तो जिना चढायची. या सगळ्या आजारपणात सर्वांत घाणेरडं काय पाहिलं असं कुणी विचारलं, तर मी माझी जखम सांगणार नाही. तो जिना सांगीन.

शेजारच्या खाटेवर बिसाहिन होती. भिलाई-३च्या पुढच्या एका खेड्यातली, बाजारात भाजी विकणारी, माझ्याच वयाची. तिचाही डावाच गाल. पहिल्या दिवशी तिने मला निरखून पाहिलं आणि विचारलं, "मैं तो गुडाखू घिसत रहेंव दीदी. तैं का करे रहे?" मी तर गुडाखू घासायचे, तू काय केलं होतंस?

"काहीच नाही," मी म्हटलं.

तिने लगेच मान्य केलं. "त फेर तोर संग जादा अन्याय होइस." मग तुझ्यावर जास्तच अन्याय झाला.

इतक्या दिवसांत माझ्यावर विश्वास ठेवणारी ती पहिली बाई होती. तिच्या तोंडालाही वास यायचा. मी भिंतीकडे तोंड करून झोपायची, पण दिवसा तिच्याशी बोलायला बसायची.

झिंगे

ऑपरेशनच्या आधी सर्जन मॅडमनी आम्हाला खोलीत बोलावलं. त्या हिंदीत बोलत, मी इथे मराठीतच लिहिते.

त्या म्हणाल्या, गाठ आम्ही काढू, पण डोळ्यांना न दिसणारं काही मागे राहू शकतं. शरीरात पहारेकरी पेशी असतात, त्यांनी ते खाऊन टाकायला हवं. पण त्या झोपल्यासारख्या असतात. म्हणून आम्ही एक प्रयोग करतोय. गाठ काढलेल्या जागी एक जेल भरून ठेवायचं. त्यात या पेशींना जागं करणारं औषध. ते हळूहळू पाझरतं आणि जेलही विरघळून जातं.

"म्हणजे औषधाची डबी," नितीनचे बाबा म्हणाले.

"डबी कशी बनवली यावरच सगळं आहे," मॅडम म्हणाल्या. "आधी जे बनवलं होतं ते गुळगुळीत होतं. शरीराने त्याच्याभोवती पातळ पडदा धरला आणि त्याला कोपऱ्यात टाकून दिलं. आता त्याला छिद्रं ठेवलीत, पेशींना आत शिरता येईल एवढी."

"अनारशाला जाळी पडते तसं?" मी विचारलं.

त्यांना अनारसा माहीत नव्हता. यांनी त्यांना अनारसा समजावून सांगितला, तांदूळ भिजत घालण्यापासून. शेवटी त्या म्हणाल्या, हो, असंच काहीतरी.

मग मी विचारलं, हे जेल बनतं कशाचं?

त्या म्हणाल्या, "झिंग्याच्या टरफलातून काढलेल्या पदार्थाचं. पूर्ण शुद्ध केलेलं असतं. पण तुम्हाला हे सांगणं माझं काम आहे. झिंगे खाऊन तुमच्या अंगावर कधी पुरळ येतं का?"

"मी झिंग्याला बोटानेही शिवले नाही."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. मी विचारलं, दुसऱ्या कशाचं नाही का बनवता येत? त्या म्हणाल्या, बनतात, पण यात हाच वापरलाय, कारण या पदार्थालाच शरीर थोडं बिचकतं आणि ते आम्हाला हवं आहे.

मी त्यांना विचारलं, "आमची तोंडं उघडून पाहताना तुम्हाला किळस नाही येत?"

"येते की," त्या म्हणाल्या. "तुमच्या शरीराला येत नाही, ही अडचण आहे. ती गाठ त्याला आपलीच वाटते. मला त्याला किळस आणायची आहे."

मी जन्मभर ज्याची किळस येईल त्याच्यापासून लांब राहत आले. आणि माझ्याच शरीराने इतकी घाण गुपचूप आत ठेवून घेतली होती. मला त्याचाच राग आला.

बाहेर बाकावर आमचं भांडण झालं. मी म्हटलं, मी हे लावून घेणार नाही.

"तुले ते खायला सांगून राहिले का कोणी?" नितीनचे बाबा म्हणाले. "लावून राहिले फक्त."

"तोंडात लावून राहिले. तोंड का पायात असते?"

मग हळूच म्हणाले, "तुह्या गालात आता जे वाढून राहिलं, ते का शाकाहारी आहे?"

डिलेश्वरी पाण्याची बाटली घेऊन तिथेच उभी होती. तिला त्या दिवशी हसायचा पूर्ण हक्क होता. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, "मैं बाहर किसी को नहीं बताऊँगी, मम्मी."

मी सही केली.

कुणाला मिळणार

सही केली म्हणजे जेल मिळालं असं नव्हतं. काहींना जेल मिळणार, काहींना नेहमीचेच उपचार, आणि कोणाला काय हे कॉम्प्युटर ठरवणार होता. डॉक्टरांच्याही हातात नव्हतं. तसं केल्याशिवाय एखाद्या उपायाचा खरोखर उपयोग होतो की नाही हे कळत नाही, असं मॅडमनी समजावलं. मी मनात म्हणत होते, मला न मिळो. सही केल्याचं समाधान घरच्यांना आणि माझा गाल सोवळा.

बिसाहिनला मात्र ते हवं होतं. नवीन औषध म्हणजे चांगलं औषध, असा तिचा सरळ हिशेब. झिंग्याचं ऐकून ती खुदकन हसली होती.

मला मिळालं. तिला नाही.

कळलं तेव्हा ती खाटेवर पाय खाली सोडून बसली होती. मग म्हणाली, "तोर मन नइ हे, त मोला दे दे न दीदी."

तुझं मन नाही, तर मला देऊन टाक ना. भाजीची जुडी मागावी तसं ती म्हणाली. मी उठून मॅडमकडे गेले. त्या राउंडवर होत्या, मी मधेच अडवलं. म्हटलं, माझं तिला द्या.

"तसं करता येत नाही."

"मला नकोय आणि तिला हवंय. मग का नाही?"

"तुम्ही नाही म्हणू शकता, तो तुमचा हक्क आहे. आत्ताही म्हणू शकता. पण तुमचं तिला मिळणार नाही. मग दोघींनाही नसेल."

मी परत येऊन बिसाहिनला तसंच सांगितलं. तिने गालाला पदर दाबला, पदरावरचा डाग पाहिला आणि म्हणाली, "त फेर तैंच ले ले. फोकट म काबर जाही." मग तूच घे. फुकट कशाला जाईल.

त्यानंतर मी नाही म्हणू शकले नाही.

सूज

ऑपरेशननंतर माणूस बरा दिसत नाही, हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. नाकात नळी, मानेतून नळी, मानेच्या नळीच्या टोकाला प्लास्टिकचा गोळा आणि त्यात साचत जाणारं लालसर पाणी. तोंड मिटत नाही, लाळ थांबत नाही. नाकाच्या नळीतून गाळलेली डाळ सोडतात. जिभेला कळत नाही, पण ढेकर आला की कळतं. लाळ धरायला गळ्याशी पत्र्याचं वाडगं. ते भरलं की मी डोळे मिटून दुसरीकडे तोंड करायची. स्वतःच्याच लाळेकडे बघवत नसे. माझं उष्टं मलाच सहन होईना.

मग माझा गाल सुजला. शेजारी बिसाहिनची जखम दिवसागणिक सुकत होती, टाके स्वच्छ, कातडी बसलेली. माझी बाजू लाल, गरम, पिकल्या पपईसारखी ताणलेली. ताप. टाक्यांच्या फटीतून पिवळट-तपकिरी काहीतरी झिरपायचं आणि उशीच्या अभ्र्यावर वाळून कडक व्हायचं. मला खात्री होती की आत ते झिंगे सडताहेत. तापात मला खाडीचा वास यायचा. मी खाडी पाहिलेलीसुद्धा नाही.

मॅडमनी सुई घालून आतलं पाणी तपासायला नेलं. जंतू नाहीत ना, हे आधी पाहिलं. मग येऊन म्हणाल्या, "जंतू नाहीत. पेशी गोळा झाल्यात, खूप. जाळीत शिरल्यात." त्यांचा चेहरा खुलला होता आणि मला त्यांचा भयंकर राग आला. माझ्या गालातून पू गळतोय आणि ही बाई खूश. मला बोलता येत नव्हतं. पाटीवर लिहिलं, "घाण आहे." त्यांनी वाचलं आणि मान डोलावली.

बिसाहिन माझ्या आधी घरी गेली. जाताना तिच्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्याकडे पाहिलं. तिला ते जेल मिळालं नाही तेच बरं झालं, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. वॉर्डातल्या सगळ्यांनाच तसं वाटत होतं. मलाही.

घरी

किरणांनी लाळ आटली, चव गेली, तोंड उघडेना. तोंड उघडणं व्यायामाने सुधारतं. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये सरकवायच्या, रोज, दुखलं तरी. मी कंटाळा केला नाही, तुम्हीही करू नका.

किरणं सुरू व्हायच्या आधी एकदा आरशात पाहण्याचं धाडस केलं तेव्हा गालाच्या आत, हातावरून काढून लावलेल्या कातडीवर बारीक लव दिसली. तोंडाच्या आत केस. पुढे किरणांनी ते गळाले, पण त्या दिवशी मी जेवणाला तोंड लावलं नाही.

नितीन माझ्याबरोबर जेवायला बसला की चौथ्या-पाचव्या घासाला उठायचा. माझ्या ओठाच्या कोपऱ्यातून वरण ओघळायचं, ते त्याला बघवत नसे. एकदा मी आतल्या खोलीत असताना त्याचं बोलणं ऐकलं. "मुझसे नहीं होता यार."

डिलेश्वरीचा आवाज आला, "तो तू बाहर जाके खा. मम्मी कहाँ जाएगी अपना मुँह छोड़के?"

त्याला वाईट म्हणावंसं मला वाटत नाही. त्याने तो स्वभाव माझ्याकडूनच घेतला आहे. तो रोज शिफ्टवरून येऊन मला रायपूरला नेई, गाडीत माझ्याशी भरभरून बोले. फक्त बघायला नको असायचं. घरातल्या आजारात शिरायचा प्रत्येकाचा एक दरवाजा असतो. कोण कुठल्या दाराने आत येऊ शकतं ते ओळखलं की भांडणं कमी होतात. हे कळायला आम्हाला फार वेळ लागला.

जखम धुवायचं काम डिलेश्वरीनेच केलं. मिठाचं कोमट पाणी, कापसाचे बोळे, आणि पार्लरमध्ये वापरते तसा केसांना पट्टा. तिला किळस येत होती, मला दिसायचं. ती नाकाने श्वास घेणं थांबवायची, तोंडाने घ्यायची. पण हात थांबायचा नाही.

मधल्या काळात तिने झिंगे रांधणं बंद केलं होतं. मीच तिला म्हटलं, कर. त्या दिवशी अंगणातून वास आला आणि माझी चव गेलेली असूनही पोटात ढवळलं. तेच माझ्या गालात विरघळून गेलं असलं तरी ढवळलं. अजूनही ढवळतं. चूल मागेच आहे. भांडं मात्र आत येतं, कारण नियम सांगायला मला आता तेवढं तोंड उरलेलं नाही.

भेटायला येणारे

त्यांच्याबद्दल लिहू नये असं यांचं म्हणणं होतं. पण लिहिते, कारण वाचणाऱ्यांत भेटायला जाणारेही असतील. ज्याचं तोंड दोन बोटं उघडतं त्याच्यासाठी सफरचंदं नेऊ नका. नाकाला पदर लावायचा असेल तर बाहेरूनच जा, राग येणार नाही. कशाने झालं, हे विचारू नका. आणि "देव परीक्षा पाहतो" असं म्हणणार असाल, तर आमच्या क्वार्टरच्या पायरीवरूनच परत फिरा.

तपासणीत जागा साफ निघाली. मी मॅडमना विचारलं, "जेलमुळे?"

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "सुरीमुळे असेल, किरणांमुळे असेल, सगळ्यांमुळे असेल. एका माणसावरून मी सांगू शकत नाही. सांगितलं तर खोटं सांगीन."

मला ते उत्तर आवडलं. पण आमच्या सेक्टरातल्या बायकांना ते पुरलं नाही. त्यांनी स्वतःच ठरवलं की नशीब, कॉम्प्युटरने नेमकं मलाच निवडलं. नशीबवान हा शब्द मला पूर्वी गोड वाटायचा. आता तो ऐकला की जिन्यातला लाल कोपरा आठवतो.

परछी

बिसाहिन तपासणीला यायची बंद झाली होती. मी दोनदा ओपीडीत तिच्यासाठी थांबले. फोन केला तर मुलाने उचलला आणि म्हणाला, फिर से निकल गया है. गाठ पुन्हा उगवली होती. एवढं बोलून त्याने फोन ठेवून दिला.

मी डिलेश्वरीला म्हटलं, मला घेऊन चल. ती पार्लर बंद करून आली. स्कूटीवर आम्ही भिलाई-३ ओलांडून गेलो, पुढे शेतांच्या कडेने. मी सोबत गॉझ, मीठ, डेटॉल आणि कोरे फडके घेतले होते. का घेतले ते तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

घरात शिरायच्या आधीच वास आला. तिला मागच्या परछीत, म्हणजे छपराच्या ओसरीत ठेवलं होतं. सून पुढच्या अंगणात तांदूळ निवडत होती, तिने हाताने दाखवलं, आत आली नाही. परछीच्या खांबापाशी ताट ठेवलेलं होतं, हात न लावलेलं, त्यावर माश्या. बिसाहिन खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. चेहऱ्यावर ओढणी गुंडाळलेली. मला ओळखून तिने ती खाली केली.

गालाला भोक पडलं होतं. त्यातून दात दिसत होते. आणि त्या भोकात काहीतरी हलत होतं.

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिचं बोलणं आता समजायला कठीण होतं, गालातून हवा निघून जायची. "तोर गाल बने होगे," ती म्हणाली. तुझा गाल छान झाला. मग हात पुढे केला. "इही जघा लगाइन का?" इथेच लावलं होतं का?

मी म्हटलं, हो.

तिची बोटं ओली होती. तिने ती माझ्या गालावर ठेवली, शिवणीवरून खाली मानेपर्यंत फिरवली, पुन्हा वर आणली. भाजीवाली भोपळा दाबून पाहते तसा गाल दाबून पाहिला. मी हलले नाही. हलायचं नाही एवढंच मी ठरवलं होतं, बाकी कशाचा विचार करायला जागाच नव्हती. तिचा हात खाली गेल्यावर मी उठले, अंगण ओलांडून बोअरिंगच्या नालीपाशी गेले आणि ओकले. पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिले.

डिलेश्वरी मागून आली. तिने हँडपंप मारला, मी तोंड धुतलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि नाक ओढणीत दाबलेलं.

"घर चलें, मम्मी?" तिने विचारलं. "मैं नर्स दीदी को फोन कर देती हूँ. कल आ जाएँगी."

नर्स दुसऱ्या दिवशी खरंच आल्या. दुखणं कमी करणाऱ्या, घरी येणाऱ्या अशा नर्स असतात, त्यांना बोलवा. जखमेवर टाकायची पूड मिळते, वास पुष्कळ कमी होतो, ती मागा. आपलं माणूस परछीत टाकायची गरज नाही. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. माहीत होतं एवढंच की आत खाटेवर एक बाई बसलेली आहे आणि तिच्या गालात अळ्या आहेत.

"तू फोन कर," मी म्हटलं. "पण आधी त्या सुनेला पाणी गरम करायला सांग. मोठ्या भांड्यात."

पदराने तोंड पुसलं, गॉझची पुडी फोडली आणि आत गेले.